पोलिसांविरुद्धचा निकाल, विमा कंपनीचा नकार : भरपाई कोणत्या वर्षाच्या पॉलिसीतून?

प्रश्न : अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एका लहान शहराच्या कौन्सिलवर मी आहे. १९९३ मध्ये आमच्या दोन डिटेक्टिव्हांनी एका तरुणावर खुनाचा आरोप ठेवला. त्याला शिक्षा झाली आणि २०१६ मध्ये तो निर्दोष सुटला. आता फेडरल कोर्टातल्या ज्युरीने त्याला १ कोटी ८० लाख डॉलर भरपाई दिली आहे, शिवाय त्या दोघांवर २ लाख डॉलर दंडात्मक भरपाई लादली आहे. २०१६ च्या विमा कंपनीने हात वर केले आहेत. १९९३ च्या कंपनीने बचावाचा वकील दिला, पण ‘हक्क राखून’, म्हणजे शेवटी पैसे देईनच असे कबूल न करता. तिची पॉलिसी फक्त १० लाखांची आहे. उरलेले पैसे कोण भरणार? लोकांच्या घरपट्टीवर येईल का?

उत्तर : २०१६ च्या पॉलिसीवर आशा ठेवू नका. १९९३ सालची सगळी विमा कागदपत्रे शोधायला आजच माणूस लावा, आणि खटल्याआधी तडजोडीचे कोणते प्रस्ताव आले होते त्याची फाईल बाहेर काढा. तुमचे पैसे निघाले तर या दोन ठिकाणांहून निघतील.

आधी पैसे कोणी देणे लागते ते पाहू. नागरी हक्कांच्या भंगाबद्दलचा दावा १८७१ च्या कायद्याखाली, म्हणजे ज्याला तिकडचे वकील ‘सेक्शन १९८३’ म्हणतात त्याखाली चालतो. तो पोलिसावर व्यक्तिशः असतो. शहर स्वतः दोषी ठरायला त्याचे धोरण किंवा रूढ पद्धत चुकीची असल्याचे सिद्ध व्हावे लागते. १९७८ च्या मोनेल निकालापासून हा नियम आहे. तुमच्या प्रकरणात शहराविरुद्ध असे काही सिद्ध झालेले नसले तरी त्याने सुटका होत नाही. इलिनॉयच्या टॉर्ट इम्युनिटी कायद्यातल्या (स्थानिक संस्थांवरच्या भरपाई दाव्यांबाबतच्या कायद्यातल्या) कलम ९-१०२ नुसार कामाच्या ओघात कर्मचाऱ्याकडून झालेल्या कृत्याची भरपाई शहरालाच भरावी लागते. डिटेक्टिव्ह निवृत्त झाले असले तरी फरक पडत नाही. दंडात्मक भरपाई मात्र शहराने भरू नये असे त्याच कायद्याचे कलम २-३०२ सांगते, आणि स्वतःच्या दुष्कृत्याबद्दलच्या दंडाचा विमा इलिनॉयच्या न्यायालयांना मान्य नाही. म्हणजे ते २ लाख त्या दोघांच्या खिशातून जायचे. व्यवहारात वादीचा वकील अंतिम तडजोडीत हा भाग बहुधा सोडून देतो. निवृत्त पोलिसाकडून वसूल होण्यासारखे फारसे नसते हे त्याला ठाऊक असते.

आता खरा वाद. विमा कंपनीची जबाबदारी नेमकी कोणत्या तारखेला जागी होते? अटकेच्या, आरोपपत्राच्या, शिक्षेच्या की निर्दोष सुटल्याच्या? तुमच्या प्रकरणात पहिली आणि शेवटची तारीख यांत तेवीस वर्षांचे अंतर आहे. १९९३ ची पॉलिसी १० लाखांची आणि २०१६ ची त्याच्या कितीतरी पट, म्हणून शहराला २०१६ हवे असणार आणि कंपनीला १९९३. दिवाणी कायद्यात द्वेषमूलक खटल्याचा, म्हणजे कुहेतूने खोटा फौजदारी खटला भरल्याचा, दावा निर्दोष सुटका झाल्याशिवाय लावताच येत नाही. त्यामुळे ‘दावा पूर्ण झाला २०१६ मध्ये, म्हणून पॉलिसीही २०१६ ची’ हा युक्तिवाद सहज सुचतो. इलिनॉयच्या एका जुन्या अपील निकालाच्या आधारे शिकागोच्या फेडरल अपील कोर्टाने २०१० आणि २०१२ मध्ये तो मान्यही केला होता. पण २०१४ आणि २०१५ मध्ये झायन आणि वॉकीगन या शहरांच्या प्रकरणांत राज्याच्या अपील न्यायालयांनी तो नाकारला, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने शिकागो हाइट्सच्या खटल्यात विषय संपवला.

ते प्रकरण तुमच्याशी इतके जुळते की आकडे समजून घ्या. आरोप १९९४ मधला, शिक्षा १९९५ मध्ये, आणि फेरखटल्यांनंतर निर्दोष सुटका २०१४ मध्ये. दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. शहराने २० लाख दिले, १९९४ च्या कंपनीने ३० लाख. उरलेल्या १ कोटीसाठी शहराने आपले विम्याचे हक्क वादीच्या नावे केले, आणि वादीने शहराकडून ती रक्कम मागणार नाही असे लिहून दिले. मग वादी आणि शहर मिळून सुटकेच्या सुमाराच्या काळातल्या कंपन्यांवर गेले आणि हरले. न्यायालयाचे म्हणणे असे की पॉलिसी विमाधारकाच्या कृत्यापासून संरक्षण देते. चुकीचे कृत्य खटला भरला तेव्हा झाले, सुटका हे पोलिसांचे कृत्य नव्हे. फेरखटल्यांनी नवी जबाबदारी निर्माण होते हा पर्यायी मुद्दाही टिकला नाही. आयोवातल्या कौन्सिल ब्लफ्स शहराचे १९७७ चे आरोप आणि २००३ ची सुटका याबाबत आठव्या सर्किट कोर्टाने (त्या भागातल्या फेडरल अपील कोर्टाने) २०१२ आणि २०१३ मध्ये हेच ठरवले होते. देशात बहुतेक ठिकाणी हाच नियम आहे. दुसरी बाजू घेतली तर शिक्षा उलटणार असा वास आल्यावर कोणतेही शहर मोठी पॉलिसी घेऊन मोकळे होईल, ही भीती त्यामागे आहे आणि ती अवाजवी नाही.

एक फट आहे, पण ती पॉलिसीच्या शब्दांवर अवलंबून. मिसिसिपीच्या फॉरेस्ट काउंटीतल्या १९७९ च्या एका प्रकरणात पाचव्या सर्किट कोर्टाने २०१९ मध्ये वेगळा निकाल दिला. तिथल्या नंतरच्या वर्षांच्या पॉलिसींत ‘इजा पॉलिसीच्या मुदतीत झाली पाहिजे’ एवढीच अट होती, कृत्य मुदतीत हवे असे म्हटलेले नव्हते. तुरुंगात सोसलेली शारीरिक इजा त्या वर्षांत झाली, म्हणून बचाव देण्याचे कर्तव्य लागू झाले. म्हणून तुमच्या १९९४ ते २०१६ च्या प्रत्येक पॉलिसीत ‘शारीरिक इजे’ची व्याख्या आणि मुदतीचे कलम शेजारी ठेवून वाचायला हवे. अलीकडच्या फॉर्ममध्ये कंपन्यांनी ही फट बुजवली आहे : सगळी इजा पहिल्या कृत्याच्या दिवशी झाली असे मानले जाईल, असे कलम असते. ते आढळले तर त्या वर्षावर वेळ घालवू नका. आणि इलिनॉयमध्ये या युक्तिवादावर मुख्य भिस्त ठेवू नये, हे माझे स्पष्ट मत.

दावा एकच दिसत असला तरी आत अनेक दावे असतात आणि प्रत्येकाची तारीख वेगळी. बेकायदा अटक अटकेच्या दिवशी. जबरदस्तीचा कबुलीजबाब घेतल्याच्या, किंवा तो कोर्टात वापरल्याच्या दिवशी. आरोपीला उपयोगी पडणारा पुरावा दडवणे खटल्याच्या वेळी. १९९३ च्या अखेरीस आरोप आणि १९९५ मध्ये खटला अशी स्थिती असेल तर दोन-तीन पॉलिसी-वर्षे गुंतू शकतात, आणि प्रत्येक वर्षाची मर्यादा स्वतंत्र. कंपनी अर्थात सगळे मिळून ‘एकच घटना’ म्हणणार. त्यासाठी ज्युरीचा निकाल-फॉर्म पाहा. त्यात प्रत्येक दाव्यावर ‘होय/नाही’ आहे आणि खाली रक्कम एकच आहे का? बहुधा असेच असते, आणि मग कोणत्या दाव्याचे किती हे नंतर विम्याच्या खटल्यात ठरवत बसावे लागते. खरे तर दाव्यांनुसार विभागणी मागण्याची वेळ ज्युरी बसण्यापूर्वीची. ती बचावाच्या वकिलाने मागितली नसेल तर का नाही, आणि कंपनीने शहराला त्याची गरज कळवली होती का, हे लेखी विचारा. अशी सूचना न देणे कंपनीच्या विरोधात जाऊ शकते.

आता १९९३ चा शोध. तुमच्या हातात १० लाखांची एक प्राथमिक पॉलिसी आहे. त्यावर अम्ब्रेला किंवा एक्सेस पॉलिसी, म्हणजे प्राथमिक पॉलिसीची मर्यादा संपल्यावर लागू होणारी वरची पॉलिसी, होती का, हा सगळ्यात महागडा प्रश्न. १९८५-८६ मध्ये अमेरिकेत उत्तरदायित्व विम्याची टंचाई झाली, हप्ते गगनाला भिडले आणि अनेक शहरे एकत्र येऊन सामायिक निधीत, म्हणजे ‘पूल’मध्ये गेली. त्यामुळे त्या दशकाच्या मागेपुढे एका शहराची विमा-रचना दर दोन वर्षांनी बदललेली दिसते, आणि नंतरच्या कारकुनाला त्याचा पत्ताही नसतो. पाहायचे ते असे : १९९२ ते १९९६ ची कौन्सिलची इतिवृत्ते, कारण हप्ता मंजूर करणारा ठराव लागतोच. खजिनदाराचे व्हाउचर रजिस्टर, त्यात दलालाचे नाव मिळते. वार्षिक लेखापरीक्षणातली टीप, जिथे विमा आणि प्रलंबित दाव्यांचा उल्लेख असतो. त्याच काळात शहरावर झालेले दुसरे फेडरल खटले, कारण त्या बचावाचे बिल कोणी भरले त्यावरून कंपनी कळते. रेल्वे किंवा राज्याच्या रस्ते विभागाकडून परवाना घेताना दिलेले विमा प्रमाणपत्र. हे शेवटचे लोक विसरतात, आणि नेमके तेच समोरच्या कार्यालयात जपलेले असते.

संपूर्ण पॉलिसी मिळाली नाही तरी एक पान पुरते, डेक्लरेशन पेज. त्यावर पॉलिसी क्रमांक, मुदत, मर्यादा आणि खाली किंवा मागे जोडलेल्या फॉर्मची यादी असते. प्रत्येक फॉर्मला अक्षरे-आकड्यांचा क्रमांक असतो आणि शेवटी महिना-वर्ष ही आवृत्ती. तो क्रमांक हाती आला की कोऱ्या फॉर्मची प्रत विमा अभिलेखांतून किंवा जुन्या कोर्ट-फाइलींतून मिळवता येते आणि हरवलेल्या पॉलिसीचा मजकूर सिद्ध करता येतो. नुसता ‘पॉलिसी होती’ हा पुरावा चालत नाही, अटी काय होत्या तेही दाखवावे लागते. यादीत एक गोष्ट खास बघा. साधी सामान्य उत्तरदायित्व पॉलिसी असेल तर पोलिसी कामकाज वगळणारा पुरवणी फॉर्म जोडलेला आहे का? असेल तर पोलिसांची स्वतंत्र ‘लॉ एन्फोर्समेंट लायबिलिटी’ पॉलिसी त्याच वर्षी कुठेतरी असण्याची शक्यता दाट. एक्सेस कंपनी बुडालेली निघाली, म्हणजे २००१ मध्ये रिलायन्सचे किंवा २००३ मध्ये होम इन्शुरन्सचे झाले तसे, तर राज्याच्या हमी निधीकडे जाता येते, पण त्याची मर्यादा आणि दाव्याची मुदत दोन्ही कडक असतात.

सापडलेल्या प्रत्येक कंपनीला निकालाची प्रत जोडून लेखी नोटीस पाठवा, ती देणे लागते की नाही याची चर्चा करत न बसता. उशिरा नोटीस हे कंपन्यांचे आवडते कारण आहे. एक्सेस पॉलिसीत तर बऱ्याचदा मृत्यू, गंभीर इजा किंवा स्वतः सोसायच्या रकमेच्या निम्म्यावर जाऊ शकणारा दावा दिसताच कळवावे अशी अट असते.

आकडेमोड करून बघू. समजा ५० लाखांची अम्ब्रेला सापडली. प्राथमिक १० मिळवून ६० लाख. उरले १ कोटी २० लाख. यावर दोन गोष्टी वाढतात. एक, वादीच्या वकिलांची फी, जी हरलेल्या पक्षाला फेडरल नागरी हक्क कायद्याच्या कलम १९८८ खाली द्यावी लागते. या कायद्यात फी ‘खर्चाचा भाग म्हणून’ द्यावी असे शब्द आहेत. तुमच्या जुन्या पॉलिसीतल्या ‘पूरक देयकां’मध्ये ‘विमाधारकावर बसवलेला कोर्टखर्च’ असेल आणि फी वगळलेली नसेल, तर ही रक्कम मर्यादेच्या बाहेर कंपनीने भरावी असा जोरदार दावा करता येतो. नव्या फॉर्ममध्ये ती स्पष्ट वगळतात, १९९३ च्या फॉर्ममध्ये वगळलेली नसण्याची शक्यता बरी. दुसरे व्याज. फेडरल निकालावर एक वर्षाच्या ट्रेझरी (सरकारी रोख्यांच्या) दराने व्याज चढते, वर्षाला चक्रवाढ. दर ४ टक्के धरला तर १ कोटी ८० लाखांवर वर्षाला ७ लाख २० हजार, म्हणजे दिवसाला जवळजवळ दोन हजार डॉलर. सामान्य उत्तरदायित्व पॉलिसीच्या प्रमाण मजकुरात कंपनी आपली मर्यादा भरत नाही किंवा कोर्टात जमा करत नाही तोपर्यंत संपूर्ण निकालावरचे व्याज तिने भरायचे असते, फक्त १० लाखांवरचे नव्हे. हे कलम तुमच्या पॉलिसीत असेल तर कंपनी १० लाखांवर वाद घालत बसण्याऐवजी भरून मोकळी होईल.

पण मर्यादेच्या वरचे पैसे मिळवायचा खरा मार्ग वेगळा आहे. खटल्याआधी वादीने मर्यादेच्या आत तडजोड मागितली होती का? समजा दोन्ही पॉलिसी मिळून ६० लाख आणि मागणी ५५ लाखांची होती, जबाबदारी येण्याचा आणि निकाल मर्यादेच्या वर जाण्याचा रास्त संभव होता, आणि तरीही बचाव हाती असलेल्या कंपनीने ती उडवून लावली. इलिनॉयमध्ये १९९६ आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनुसार अशा कंपनीवर पूर्ण निकालाची जबाबदारी येऊ शकते, मर्यादा कितीही असो. म्हणून मागणीची प्रत्येक चिठ्ठी, मध्यस्थीतले ईमेल, ‘मर्यादा भरून प्रकरण मिटवा’ असे शहराने कंपनीला लिहिले होते का, हे सगळे तारीखवार लावा. शहराने असे कधी लिहिलेच नसेल, किंवा कौन्सिलनेच ‘आमचे पोलीस निर्दोष आहेत, लढा’ म्हटले असेल, तर हा मार्ग खूपच अरुंद होतो. कौन्सिलच्या बैठकीत अभिमानाने बोललेले एक वाक्य असे काही लाखांना पडते.

२०१६ च्या कंपनीबद्दल शहराचे वकील कदाचित ‘एस्टॉपेल’ सुचवतील. इलिनॉयमध्ये कंपनीने बचावही दिला नाही आणि कव्हरेज आहे की नाही ठरवून घेण्यासाठी दावाही लावला नाही, तर पुढे पॉलिसीतले बचाव मांडता येत नाहीत. नियम खरा आहे, एल्को प्रकरणात १९९९ मध्ये नीट मांडला गेला. पण मुळात बचावाचे कर्तव्यच नव्हते असे उघड असेल तर तो चालत नाही, आणि २०१९ च्या निकालानंतर तसेच म्हटले जाईल. बचावाचे कर्तव्य नसलेल्या एक्सेस पॉलिसीलाही लागू नाही. त्रासदायक नकाराबद्दल विमा संहितेच्या कलम १५५ खाली वकिलाची फी मिळते, पण त्यावरचा दंड ६० हजार डॉलरवर थांबतो, आणि प्रामाणिक मतभेद होता असे दिसले तर तोही नाही.

‘हक्क राखून’ म्हणजे कंपनी वकील देते पण शेवटी पैसे देईलच असे नाही. हितसंबंध खरोखर आडवे येत असतील, उदाहरणार्थ ‘मुद्दाम केले’ असे ठरले तर कव्हरेज नाही पण शहराची जबाबदारी तशीच, तर १९७६ च्या पेपर्स निकालापासून इलिनॉयमध्ये कंपनीच्या खर्चाने स्वतंत्र वकील घेता येतो. दोन डिटेक्टिव्ह आणि शहर यांचेही हित एक नाही, दंडात्मक भागामुळे तर नाहीच. बचावाचा वकील आणि विम्याचा वकील मात्र वेगळेच हवेत. बचावाच्या वकिलाला कव्हरेजचा सल्ला विचारू नका. त्याचे बिल कंपनी भरते.

मुदती आत्ताच धावत आहेत. निकाल नोंदवल्यापासून नव्या खटल्याची किंवा रक्कम कमी करण्याची मागणी २८ दिवसांत करावी लागते आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. अशी मागणी केली नाही तर अपील ३० दिवसांत. वसुलीला पहिले ३० दिवस आपोआप स्थगिती असते, पुढे बाँड द्यावा लागतो. त्या बाँडचा हप्ता कोण भरणार हे पॉलिसीत पाहा. अपील चालू असतानाच तडजोड होते, आणि शिकागो हाइट्सची रचना तेव्हा उपयोगी पडते. शहर परवडेल ती रक्कम देते, उरलेल्यासाठी हक्क वादीच्या नावे करते. अशी रक्कम पुढे कंपनीवर बांधण्यासाठी ती वाजवी होती हे दाखवावे लागते. बचाव देत असलेल्या कंपनीची संमती न घेता सही करू नका. जिने पूर्ण नकार दिला तिच्या संमतीची गरज उरत नाही.

घरपट्टीचे विचारलेत. होय, येऊ शकते. टॉर्ट इम्युनिटी कायद्याचे कलम ९-१०७ अशा निकालांसाठी वेगळा कर बसवू देते. नेब्रास्कातल्या गेज काउंटीचे उदाहरण आहे. सुमारे बावीस हजार वस्ती, १९८५ च्या खुनात चुकीने शिक्षा झालेल्या सहा जणांना २०१६ मध्ये २ कोटी ८१ लाख डॉलर. २०१९ मध्ये शेवटचे अपील संपले, काउंटीने मालमत्ता कर वाढवला, शेतजमीनवाल्यांना तो सर्वाधिक बसला, आणि विमा कंपन्यांशी वाद वेगळा चालूच होता. भारतात कोठडीतल्या मृत्यूची भरपाई राज्य सरकारच्या तिजोरीतून जाते, १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालापासून तीच वाट आहे. त्यामुळे गावाच्या करावर तिचा परिणाम दिसत नाही. तिकडे तो घरपट्टीच्या बिलावर दिसतो. शहर विम्याशिवाय राहिले तर काय होते तेही पाहून ठेवा : कॅलिफोर्नियातल्या मेवुडला २०१० मध्ये विमा पूलने बाहेर काढले आणि शहराला स्वतःचे पोलीस खातेच बंद करावे लागले.

शेवटी, हे सगळे कौन्सिलमध्ये मांडताना बंद बैठकीत मांडा. इलिनॉयचा खुल्या बैठकांचा कायदा प्रलंबित खटला आणि विमा दावे यांसाठी ती मुभा देतो. पण बंद बैठक बोलावताना कोणत्या अपवादाखाली ते इतिवृत्तात नोंदवावे लागते. ही नोंद करायची राहून गेली तर ती चर्चा उघड होऊ शकते, आणि शहर किती रकमेवर तयार आहे हे कंपनी व वादी दोघांनाही कळते. सदस्यांनी एकमेकांना यावर ईमेल टाकू नयेत. त्याही माहितीच्या अर्जात मागता येतात.